कूलंटमधली हवा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मे महिन्याच्या सुट्टीत कसारा किंवा बोरघाट चढून गावी जाण्याचे बेत ठरू लागले की आमच्याकडे गाडी तापण्याच्या तक्रारींची पत्रे वाढतात. या वेळच्या पाच पत्रांचा विषय योगायोगाने एकच निघाला : इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या, वाटेत अडकलेली हवा. म्हणून टायर आणि विम्याविषयीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत आणि ही जागा या एकाच विषयाला दिली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यातच असल्याने ते सर्वांनी वाचावे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे आठ वर्षे जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे. तीन आठवड्यांपूर्वी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये रेडिएटरचा खालचा पाइप बदलून नवे कूलंट भरून घेतले. त्यानंतर दोनच दिवसांनी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला वाहतूक तुंबलेली असताना तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या बराच वर गेला आणि मी गाडी बाजूला घेण्याच्या आतच तो एकदम खाली आला. डॅशबोर्डामागून माठात पाणी ओतल्यासारखा आवाज येतो. गॅरेजवाल्याने ‘हवा धरली आहे’ असे सांगून एक पाइप ढिला केला, थोडे पाणी सांडू दिले आणि पाइप परत बसवला. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. ही हवा बसते कुठे, काटा आपोआप खाली का येतो आणि सोसायटीच्या आवारात मला स्वतःला ती काढता येईल का? – एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : कूलंट नुकतेच बदललेले असणे, काट्याचे असे चढून एकाएकी उतरणे आणि डॅशबोर्डामागचा आवाज, या तीन गोष्टी एकत्र आल्या की निदान बहुतेक वेळा आपल्या गॅरेजवाल्याने केले तेच ठरते. निदान बरोबर आहे, उपाय मात्र अर्धवट झाला आहे.

जुने कूलंट काढून टाकले की त्याच्या जागी हवा शिरते आणि नवे कूलंट वरून ओतताना ती सगळी हवा त्याच तोंडातून उलट बाहेर यावी लागते. इंजिनाच्या ब्लॉकमधल्या व त्यावर बसणाऱ्या हेडमधल्या वाटा अरुंद आणि वाकड्यातिकड्या असतात. पाइपही कुठे चढतात, कुठे उतरतात. जिथे पाइपाला कमान येते तिथे हवा कमानीच्या माथ्याशी जाऊन बसते आणि दोन्ही बाजूंनी आलेले कूलंट तिला तिथेच कोंडून ठेवते. छोट्या गाड्यांत अशा जागा बहुधा दोन असतात. एक थर्मोस्टॅटच्या, म्हणजे रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या, घराभोवतीची आणि दुसरी हीटरच्या छोट्या रेडिएटरातली. हा छोटा रेडिएटर डॅशबोर्डाच्या मागे बसवलेला असतो आणि काही गाड्यांत तो पुढच्या मोठ्या रेडिएटरच्या झाकणापेक्षाही उंच असतो. आपल्याला ऐकू येणारा आवाज तिथलाच आहे. आपल्याकडे हीटर लावण्याची वेळ वर्षातून एकदाही येत नाही. त्यामुळे ज्या जुन्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर तोटी असते, तिथे ती वर्षानुवर्षे बंदच राहते आणि कूलंट बदलताना त्या भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

एवढ्याशा हवेने इतके का बिघडावे, असे वाटेल. वॉटर पंप पात्यांच्या फिरण्याने द्रव बाहेरच्या अंगाला फेकतो आणि त्या जोरावर कूलंट फिरते ठेवतो. हवा इतकी हलकी असते की ती पंपात आली की पाती नुसतीच फिरतात, पुढे काहीच सरकत नाही. शिवाय हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे चोविसाव्या हिश्शाइतकीच असते. हेडमध्ये, जळत्या वायूच्या अगदी माथ्यावर आणि व्हॉल्व्हांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत धातू सर्वांत जास्त तापतो. नेमका तिथे बुडबुडा बसला तर बाकीचे इंजिन बरे असूनही तेवढा ठिपका भाजून निघतो, ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड व ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारे गॅसकेट जळते.

काट्याच्या उतरण्याला दोन कारणे संभवतात. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक गोळी असते. तिच्याभोवतीचे कूलंट ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान, पोहोचले की मेण फुगते आणि झडप उघडते. गोळीभोवती कूलंटऐवजी हवा असेल तर तिला उशिरा ऊब लागते, तोवर इंजिन तापून काटा वर चढतो, मग झडप एकदाची उघडते, रेडिएटरमधले गार कूलंट लोंढ्याने आत येते आणि काटा कोसळतो. हे त्यातल्या त्यात बरे कारण. दुसरे कारण घातक आहे. तापमानाचा सेन्सरच हवेच्या पोकळीत उघडा पडला तर त्याला कूलंटची उष्णता नीट पोहोचत नाही आणि तो कमी तापमान दाखवू लागतो, म्हणजे इंजिन पेटायच्या बेतात असताना काटा मात्र समाधानाने खाली बसलेला असतो. बाहेरून या दोहोंतले कोणते हे कळत नाही. म्हणून काटा एकदा चढून एकाएकी उतरला तर ‘झाले थंड’ असे समजून पुढे जाऊ नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

गॅरेजवाल्याने पाइप ढिला केला ते चुकीचे नव्हते, पण त्याने त्या एका पाइपाच्या माथ्यावरची हवा गेली, बाकीच्या उंचवट्यांवरची तिथेच राहिली आणि गाडी चालताना सरकत सरकत पुन्हा एकत्र आली. हवा वर जायला तयारच असते, तिला फक्त वरची वाट मोकळी करून द्यायची असते आणि मग वाट पाहायची असते. हे वाट पाहणे गॅरेजमध्ये होत नाही, कारण पुढची गाडी उभी असते. थोडा संयम आणि एक मदतनीस असेल तर हे काम आपल्याला घरी करता येण्यासारखे आहे.

आधी गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेतली तर उत्तम. ती अशा ठिकाणी लावावी जिथे पुढचे तोंड वर राहील, म्हणजे रेडिएटरचे झाकण शक्य तितके उंच येईल. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर येणाऱ्या उताराचा उघड्यावरचा भाग याला छान उपयोगी पडतो. मात्र तळघराच्या आत हे काम करू नये. अर्धा-पाऊण तास इंजिन चालू राहणार असते आणि बंद जागेत साठणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. इंजिन चालू ठेवायचे असल्याने गाडी गिअरमध्ये ठेवून अडवता येत नाही. तेव्हा हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड नीट लावावेत. उतार नसेल तर घाई करून जॅकवर गाडी उचलून ठेवू नये. सपाट जागेवरही काम होते, वेळ जास्त लागतो इतकेच.

रेडिएटरचे झाकण काढावे, हीटरची मूठ पूर्ण गरमवर फिरवावी, पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवावा आणि एसी बंद करावा. मग कूलंट अगदी बारीक धारेने ओतावे. इथेच बहुतेकांची घाई नडते, कारण जाड धार ओतली की ती स्वतःबरोबर हवा आत नेते आणि बाहेर येणाऱ्या हवेची वाटही अडवते. मधूनमधून थांबून वरचा आणि खालचा जाड पाइप हाताने दाबून सोडावा. प्रत्येक दाबाबरोबर तोंडाशी बुडबुडे येतात आणि पातळी थोडी खाली जाते. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढण्याचा छोटा स्क्रू असेल तर तो एखादा फेरा सैल करावा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट येऊ लागले की हलक्या हाताने बंद करावा. हे स्क्रू पितळेचे किंवा प्लॅस्टिकचे असतात आणि जोर लावला की आटे जातात.

आत किती गेले याचा हिशेब ठेवल्यास एक गोष्ट हमखास कळते. पाइप बदलताना काढलेले जुने कूलंट मापून ठेवले असेल आणि ते समजा चार लिटर निघाले असेल, तर नवेही जवळपास चार लिटर जायला हवे. तीनच लिटरवर तोंड भरून आले तर उरलेल्या लिटरभर जागेत हवा बसलेली आहे. गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण खालचा पाइप काढला तरी ब्लॉकमध्ये काही कूलंट मागे राहतेच. आपल्या गॅरेजवाल्याने मापून ठेवले असण्याची शक्यता कमी आहे; पुढच्या वेळी जुने कूलंट बादलीत धरायला सांगावे.

तोंड भरून आले की इंजिन सुरू करून नुसते फिरू द्यावे. पंप सुरू होताच पातळी घसरते. ती भरत राहावी. रेडिएटरच्या गळ्यात घट्ट बसणारे उंच नरसाळे मिळाले आणि ते अर्धे भरून ठेवले, तर कूलंटची पातळी सगळ्या उंचवट्यांच्या वर जाते, सांडत नाही आणि हवा दिसतेही. दहा-पंधरा मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो. तोवर कोमट असलेला वरचा पाइप अचानक हात ठेववणार नाही इतका गरम होतो, पातळी एकदम खाली जाते आणि तळातून बुडबुड्यांचा एक मोठा लोंढा वर येतो. सगळ्या कामातला हाच खरा क्षण. यानंतर मदतनिसाने पाय हळू दाबून इंजिन दोन हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन काही सेकंद धरावे व सोडावे, असे पाच-सहा वेळा करावे. रेस दिली की पातळी खाली जाते आणि सोडली की वर येते, म्हणून रेस चालू असताना पाहून भरू नये, नाहीतर सोडताच गरम कूलंट बाहेर उसळेल. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून दोनदा बंद झाला, हीटरमधून सलग गरम वारा येऊ लागला आणि बुडबुडे थांबले, म्हणजे काम होत आले. पंखा केव्हाही लागू शकतो. ओढणी, उपरण्याचे टोक, सैल बाही यांपैकी काहीही त्याच्या जवळ जाऊ देऊ नये. मधेच काटा नेहमीच्या जागेच्या वर चढला आणि वरचा पाइप मात्र गारच राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. अशा वेळी एकतर हवा अजून अडकलेली आहे किंवा थर्मोस्टॅटच चिकटला आहे.

शेवटी इंजिन बंद करून तासभर निवू द्यावे, नरसाळे काढून गळ्यापर्यंत भरावे, झाकण लावावे आणि बाजूच्या बाटलीत कमाल रेषेपर्यंत कूलंट ठेवावे. या बाटलीचे काम इथून पुढे सुरू होते. तापल्यावर कूलंट फुगते. पाच लिटर कूलंट असेल तर साधारण पाव लिटर झाकणातून बाटलीत जाते आणि जाताना वरची हवाही ढकलते. रात्री इंजिन निवले की तेवढेच कूलंट बाटलीतून परत ओढले जाते. म्हणजे झाकण चांगले असेल तर गाडी उरलीसुरली हवा पुढच्या दोन-तीन दिवसांत आपली आपण काढते. या काळात बाटलीतली पातळी थोडी उतरते, ती गळती समजू नये, रोज सकाळी पाहून भरावी. बाटली रिकामी राहिली तर मात्र इंजिन निवताना कूलंटऐवजी हवाच आत ओढेल आणि केलेले सारे काम वाया जाईल. आपल्या बाबतीत ‘चार दिवस बरे, मग पुन्हा तेच’ होण्यामागे हे कारण असू शकते. ती बाटली आधी पाहा.

पहिले दोन-तीन दिवस गायमुखकडे न जाता हिरानंदानी वसाहतीच्या आसपास दहा-पंधरा मिनिटे गाडी फिरवून काटा पाहावा. कोंडीत काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावावा, काचा खाली कराव्यात आणि जागा मिळताच थांबावे. मे महिन्यात हीटर लावणे ही शिक्षाच आहे, पण तो छोटा रेडिएटर तेवढी उष्णता बाहेर टाकतो. झाकण मात्र उघडू नये. झाकण आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त राखते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, त्याच क्षणी पाण्याचा काही भाग वाफ होऊन उसळतो आणि हात-तोंड भाजते.

प्रश्न : माझ्या गाडीत रेडिएटरला झाकणच नाही. एका बाजूला गोल प्लॅस्टिकची टाकी आहे आणि तिलाच आट्यांचे झाकण आहे. हवा काढायची कुठून? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या गाडीत ती टाकी नुसती साठवणुकीची बाटली नसून दाबाखाली असलेला, व्यवस्थेचाच एक भाग आहे. ती सर्वांत उंच बसवलेली असते आणि रेडिएटरच्या व हेडच्या माथ्यावरून बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या तिच्यात येतात, जेणेकरून हवा सतत टाकीत येऊन वेगळी व्हावी. म्हणून अशा गाड्या बहुधा आपली हवा आपणच काढतात. टाकी किमान व कमाल रेषांच्या मध्ये भरून, झाकण लावून, हीटर गरमवर ठेवून इंजिन पंखा लागेपर्यंत चालवायचे आणि पूर्ण निवल्यावर पातळी पाहून भरायची, इतकेच. टाकी कमाल रेषेच्या वर भरू नये, कारण वर मोकळी जागा असणे हे त्या रचनेत गृहीत आहे. त्या बारीक नळ्या गाळाने तुंबल्या असतील तर मात्र हवा कधीच निघत नाही. इंजिन गरम असताना टाकीत बारीक धार परत येताना दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर नळी काढून साफ करून घ्यावी. ही धार पाहण्यासाठी झाकण उघडण्याची गरज नाही, टाकी पारदर्शक असल्याने बाहेरूनच दिसते.

विजेवर चालणारा कूलंटचा पंप असलेल्या काही नव्या गाड्यांत पंप कंपनीने ठरवलेल्या क्रमाने चालवूनच हवा निघते आणि त्याला संगणकाचे यंत्र लागते. तिथे घरी खटपट करू नये. चांगल्या वर्कशॉपमध्ये पंपाने आतली हवा आधी शोषून घेऊन त्या निर्वातात कूलंट ओढून घेण्याचे साधनही असते. ते उपलब्ध असेल तर वरचा सगळा खटाटोप वाचतो, आणि आत दाब टिकतो की नाही हेही त्याच वेळी कळते.

प्रश्न : तुर्भ्याच्या बाजारपेठेतून भाजी वाहणारा माझा जुना डिझेल टेम्पो आहे. महिन्यातून तीनदा हवा काढावी लागते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी शिळफाट्याच्या चढाला तापतोच. हेड खोलावे लागेल असे तो म्हणतो. खरेच लागेल का? – एक टेम्पोमालक, तुर्भे

उत्तर : हवा काढूनही महिन्यात तीनदा परत येत असेल तर काढत राहण्यात अर्थ नाही, ती शिरते कुठून हे शोधावे. हेड खोलण्याचा खर्च मोठा आहे, तेव्हा स्वस्त शक्यता आधी तपासाव्यात.

सर्वांत स्वस्त म्हणजे झाकण. झाकणात दोन झडपा असतात : दाब वाढला की बाहेर सोडणारी आणि इंजिन निवताना बाटलीतले कूलंट आत घेणारी. दुसरी झडप चिकटली तर निवल्यावर वरचा पाइप चपटा होऊन आत ओढलेला दिसतो. रबर फाटले असेल तर आत हवा शिरते. झाकण मोजक्या पैशांत मिळते. त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याइतकाच असावा, दिसायला सारखे म्हणून दुसऱ्या गाडीचे लावू नये. मग बाटलीकडे जाणारी बारीक नळी पाहावी : तिचे टोक बाटलीच्या तळाशी बुडालेले आहे ना, तिला भेग नाही ना. त्यानंतर पंपाकडे जाणारा खालचा पाइप. ही पंपाची ओढणारी बाजू आहे. तिथली क्लिप सैल असेल तर थेंबही न सांडता हवा आत ओढली जाऊ शकते. जोडावर सुकलेल्या कूलंटचा पांढरा किंवा हिरवट चट्टा दिसला तर तेच ठिकाण समजावे.

हे सगळे ठीक असेल तर मात्र संशय हेड गॅसकेटवर जातो. तिथे हवा बाहेरून येत नाही. ज्वलनाचे वायूच कूलंटमध्ये घुसतात. याची खूण सोपी आहे : सकाळी अगदी गार इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नव्हे, कारण इतक्यात कूलंट तापलेलेच नसते. झाकण उघडे ठेवून पाहिल्यास थर्मोस्टॅट उघडल्यानंतरही बुडबुडे थांबत नाहीत, ते एका लयीत येतच राहतात. काही गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा द्रावणातून ओढली आणि तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असला तर निळा रंग बदलतो. डिझेल इंजिन नुसते फिरत असताना हा वायू कमी सोडते, म्हणून रंग बदलला नाही एवढ्यावरून गॅसकेट निर्दोष ठरवू नये. इंजिनावर भार देऊन पुन्हा पाहावे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय किंवा धुराड्यातून न थांबणारा पांढरा धूर दिसला तर हेड खोलण्यावाचून गत्यंतर नाही. खोलल्यावर हेडचे फेसिंग, म्हणजे त्याचा तळ सपाट आहे की नाही, हे तपासल्याशिवाय नवे गॅसकेट बसवू देऊ नये, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा हाच खर्च येईल.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडली पाहिजे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो : गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने आडवाट बंद करतो. तो काढून टाकला की आडवाट कायमची उघडी राहते, कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम इंजिनात परत जातो आणि चढावर, भरलेल्या मालासह, गाडी उलट जास्त तापते. सपाट रस्त्यावर तेच इंजिन नको तितके थंड चालून डिझेल खाते. नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. त्याच्या चकतीला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी छोटी पिन असते. ही पिन वरच्या बाजूला येईल असा तो बसवावा. झडप बंद असतानाही हवा निसटावी यासाठीच ते भोक ठेवलेले असते आणि पिन खाली आली तर ते निरुपयोगी होते. मेकॅनिकला हे पाहायला सांगितले म्हणून त्याला राग येणार नाही अशी आशा आहे.

प्रश्न : हवा काढताना प्रत्येक वेळी मी नळाचेच पाणी भरते. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते, ते पिण्यास चांगले आहे. मग रेडिएटरला का चालू नये? – एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : पिण्याच्या पाण्यातले क्षार आपल्या शरीराला चालतात, पण तापलेल्या धातूवर ते थर होऊन बसतात, चहाच्या पातेल्याच्या तळाशी जमणारा पांढरा थर तोच. क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमही गंजते. बोअरवेलचे पाणी तर टाळावेच. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वेळी नुसते पाणी ओतल्याने मिश्रण पातळ होत जाते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते आणि गंज रोखणारी रसायनेही योग्य प्रमाणात राहतात. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नसल्याने ‘कूलंट कशाला, पाणी पुरे’ असे पुष्कळ जण म्हणतात, पण उकळण्याचा आणि गंजाचा प्रश्न आपल्याकडेच जास्त आहे. भरायचे असेल तेव्हा त्याच प्रकारचे, निम्मे मिसळून ठेवलेले कूलंट भरावे. रंगावर जाऊ नये. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले रंग आहेत आणि एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात.

सांडलेले आणि जुने कूलंट गटारात किंवा आवारात सोडू नये. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. सोसायटीतली कुत्री-मांजरी ते चाटतात आणि थोड्या प्रमाणानेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. जमिनीवरचे थेंब भरपूर पाण्याने धुवावेत आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला कूलंट आहे. मीच ते बदलले, तेव्हापासून कळव्याच्या पुलावर गर्दीत तापमानाचा दिवा लागतो. मोटारीचीच पद्धत चालेल का? – एक वाचक, कळवा

उत्तर : तत्त्व तेच आहे. कूलंट अवघे एक-दीड लिटर किंवा त्याहूनही कमी असल्याने वाटीभर हवासुद्धा इथे पुष्कळ झाली. गाडी थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून भरावे आणि मग दोघांनी धरून ती सावकाश डावीकडे व उजवीकडे कलंडवावी. प्रत्येक कलंडण्याबरोबर बुडबुडा वर येतो. पंपाच्या किंवा सिलिंडरच्या बाजूला हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो आधी मोकळा करावा. नंतर इंजिन चालवून हलकी रेस द्यावी, पातळी भरावी, झाकण लावावे आणि बाटली पाहावी. पंखा लागतो की नाही तेही याच वेळी तपासावे. पंखा लागतच नसेल तर दोष हवेचा नसून बहुधा पंख्याच्या फ्यूजचा किंवा स्विचचा असतो, आणि पुलावरच्या गर्दीतच दिवा लागतो, मोकळ्या रस्त्यावर नाही, हे आपल्या पत्रातले वर्णन त्याच्याशी अधिक जुळते.